गरम काचेवरचं सिमेंट

दिनांक ११ एप्रिल १९७३, बुधवार, दुपारचे पावणेदोन. रक्कम दहा रुपये. जागा श्रीरामपूर, दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. हजर चौघं: डॉक्टर, त्यांचे कंपाउंडर, माझी बायको आणि मी. डॉक्टरांनी दहा रुपये मागितले आणि मी ते दिले नाहीत.

एवढं आधी लिहून ठेवतो, कारण ही गोष्ट पुढे आमच्या नात्यागोत्यात वाटेल तशी सांगितली गेली. कोणी म्हणालं, मी डॉक्टरांच्या अंगावर धावून गेलो. कोणी म्हणालं, दहा रुपयांपायी मी बायकोचा दात पणाला लावला. पहिलं साफ खोटं आहे. दुसऱ्याचं पुढचं वाचून ज्यानं त्यानं ठरवावं.

आम्ही राहात्याजवळच्या एका गावी राहत होतो. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. उसाची गाडी आली की भरलेलं वजन लिहायचं, रिकामी परत आली की रिकामं वजन लिहायचं, वजाबाकी करून पावती द्यायची. बायको गावातल्या प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. दुष्काळाचं वर्ष होतं. शाळेशेजारी नवा हातपंप बसवला होता आणि त्याच्यापुढे सकाळपासून हंड्यांची रांग असायची. नोव्हेंबरात एक दिवस बायको पंपाखाली ओंजळ धरून वाकली असताना पंप हापसणाऱ्या बाईचा हात सुटला, दांडी उसळली आणि तिच्या तोंडावर बसली. वरचा पुढचा उजवा दात निम्म्यातून तुटला. ओठाला दोन टाके पडले.

आठ दिवसांनी ती शाळेत गेली तेव्हा पदर तोंडावर धरूनच गेली. पण पहिलीच्या पोरांपुढे पदर किती वेळ टिकणार? त्यांच्या तर सगळ्यांच्याच तोंडात खिंडारं. पुढच्या ओळीतली एक मुलगी तिला म्हणाली, "बाई, रडू नका. दात मातीत पुरा, नवा येतो. माझा आला." हे बायकोनं घरी येऊन हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं. पस्तिसाव्या वर्षी नवा दात येत नाही हे तिलाही माहीत होतं.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांचं मी वाईट सांगणार नाही. त्यांनी आधी मुळातली शीर काढून दात स्वच्छ केला, मग उरलेला दात चारी बाजूंनी घासून त्याचा बारीक खुंट केला. खुंटाचं माप घेतलं, साचा पुण्याला पाठवला. तिथून चिनी मातीची पोकळ टोपी तयार होऊन आली, रंगही शेजारच्या दाताला जुळता. ही टोपी खुंटावर सिमेंटनं बसवायची. १९७३ सालच्या जानेवारीची सहा तारीख होती, शनिवार, सकाळचे साडेआठ. आम्ही पहिलेच पेशंट. एकशे पंचवीस रुपये दिले, पावती घेतली. बायकोनं आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहून दात दाखवले. लग्नातसुद्धा ती माझ्याकडे बघून इतकी मोकळी हसली नव्हती.

ती टोपी एकाहत्तर दिवस टिकली. होळीच्या दिवशी, १८ मार्चला, पुरणपोळीच्या घासात निघून आली. पुरणपोळीपेक्षा मऊ आमच्या घरात त्या वर्षी काही शिजलं नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा बसवून आणली. दुपारी दोनची वेळ, दहा रुपये दिले. नऊ दिवसांनी चूळ भरताना ती टोपी पाण्याबरोबर मोरीत पडली. नशीब, जाळीवर अडकली. ३१ मार्चला दुपारी दीड वाजता परत बसवली, परत दहा रुपये. या वेळी सहा दिवस. शुक्रवारी वर्गात पोरांना 'फ फणसाचा' म्हणून दाखवत असताना 'फ'च्या फुंकरीनं दात टेबलावर जाऊन पडला. पोरांना वाटलं, बाईंनी जादू केली. "बाई, परत एकदा!" म्हणून सगळा वर्ग ओरडू लागला.

सोमवारी शाळेत तपासणीसाहेब यायचे होते आणि श्रीरामपूरला जायला मधे वेळ नव्हता. मी मेणबत्तीचं मेण मऊ करून टोपीत भरलं आणि ती खुंटावर बसवून दिली. त्या मेणाच्या बळावर तिनं दोन तास शिकवलं, फक्त फणसाचा धडा गाळला. हा उद्योग मी करायला नको होता. मेण खुंटाला चिकटून राहिलं आणि ते खरवडताना डॉक्टरांना दाताचाही अंश काढावा लागला. ती चूक माझी, ती माझ्या नावावर मांडतो.

कारण खरी धास्ती खुंटाचीच होती. दर खेपेला डॉक्टर जुनं सिमेंट खरवडून काढायचे आणि दर खेपेला खुंट थोडा झिजायचा. जानेवारीत तो पाच मिलिमीटर होता. ११ एप्रिलला डॉक्टरांनीच मोजून सांगितलं, चार. "तीनच्या खाली गेला की पकड राहणार नाही," ते म्हणाले. "मग मुळासकट काढायचा आणि कवळी लावायची. हे पहा, हे सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. ते चिकटत नाही. खुंटाच्या आणि टोपीच्या खरबरीत अंगात शिरतं, घट्ट होतं आणि टोपी अडकवून ठेवतं. खुंटच आखूड झाला तर सिमेंटनं कशाला धरायचं?"

हे त्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि ते खरं होतं. पुढे म्हणाले ते मात्र मला पटलं नाही.

"बाईंच्या खाण्यात दोष आहे. रेशनच्या मिलोची, त्या तांबड्या ज्वारीची, भाकरी खाता ना? त्यात खडे असतात."

"मिलो सगळा गाव खातोय," बायको म्हणाली. "गावात दातांचा सडा पडलाय का?"

"सुपारी?"

"आयुष्यात नाही."

"ऊस? कारखान्यावरच्या माणसाच्या घरी ऊस नाही असं कसं होईल?"

बायको गप्प राहिली. फेब्रुवारीत तिनं एकदा उसाचं कांडं सोलून खाल्लं होतं, पण दाढेनं, आणि त्यानंतर टोपी महिनाभर जागची हलली नव्हती. तेवढ्यावरून ती गप्प राहिली आणि डॉक्टरांनी मान हलवली, म्हणजे गुन्हा शाबीत. मला ती मान हलवणं लागलं.

खरं तर त्या दिवसापर्यंत मलाही मनातून तिचाच संशय होता. दोनदा मी तिच्या डब्यात काय आहे ते उघडून पाहिलं होतं. पण एकाहत्तर, नऊ, सहा हे आकडे माझ्या डोक्यातून जात नव्हते. बायको तीच, दात तोच, टोपी तीच, भाकरी तीच. मग पहिले दिवस एकाहत्तर आणि पुढचे नऊ आणि सहा, हे कशानं? काट्यावर एकाच गाडीचं वजन तीनदा तीन तऱ्हेचं आलं, तर आम्ही बैलांना दोष देत नाही. काटा तपासतो.

म्हणून त्या दिवशी मी बाकावर बसलो नाही. टेबलाशेजारी उभा राहिलो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

कोपऱ्यात अवजारं उकळायचा डबा होता. त्याच्या झाकणावर जाड काचेची एक पट्टी ठेवलेली होती. कंपाउंडरांनी ती फडक्यानं धरून उचलली. फडक्यानं, म्हणजे ती हाताला सोसवत नव्हती. तिच्यावर त्यांनी बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकले, शेजारी पांढऱ्या पुडीचा ढीग घातला आणि चपट्या पट्टीनं सगळी पूड एकदम ओढून कालवली. मोजून वीस सेकंद. डॉक्टरांनी ते टोपीत भरेपर्यंत त्याचा गोळा तुटायला लागला होता, पिठलं गार झाल्यावर तुटतं तसा. टोपी खुंटावर दाबली तर ती पूर्ण वर बसेना. अंगठा पांढरा होईपर्यंत डॉक्टरांनी दाबली. तरीही शेजारच्या दातापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी खाली उतरलेली दिसत होती. मग त्यांनी ती कड घासून सारखी केली.

मी विचारलं, "डॉक्टर, हे काच तापल्यामुळे लवकर आळतं का?"

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यात, वजनकाट्यावर."

"मग काट्याचं बघा. तिथे शेतकऱ्याचं किती मारता ते आम्हालाही ऐकू येतं."

हा टोमणा मी हंगामात दिवसातून दहा वेळा ऐकतो, त्याचं मला काही वाटत नाही. मी म्हणालो, "आमच्या काट्यावर रोज सकाळी ठरलेली वजनं ठेवून काटा तपासतात. तुमच्या काचेला कोण तपासतं?"

कंपाउंडर एकदम खाली बघायला लागले. साठीच्या आसपासचे, अबोल गृहस्थ होते. डॉक्टर म्हणाले, "दहा रुपये."

"एकाहत्तर दिवसांनी देतो. म्हणजे जानेवारीत टिकली तितकी टिकली, तर बहात्तराव्या दिवशी स्वतः आणून देतो."

"असला धंदा मी करत नाही!"

"मीही करत नव्हतो. आजपासून करतो."

पुडीच्या खोक्यात घडी घातलेला एक छापील कागद होता, घडीवर घडी तशीच, कधी उलगडलेला नसावा. तो मी मागितला. "न्या, रद्दी आहे," डॉक्टर म्हणाले. मी तो खिशात घातला आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमचं ते मोजमाप तुमच्यापाशी ठेवा. दात माझा आहे. उद्या निघाला तर तो माणूस रागानं काढूनच टाकेल."

टोपी चौथ्या दिवशी निघाली. रविवारी, १५ तारखेला, चहा पिताना.

सोमवारी मी एकटाच श्रीरामपूरला गेलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं होतं. बुधवारी अकरा वाजता घेऊन या. दात काढून टाकू. काढण्याचे आणि कवळीचे मिळून साठ." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. परत येऊन बायकोला सांगितलं.

शेजारच्या घरात माझे थोरले भाऊ राहतात. शेती करतात. ते आमच्याकडे आले आणि ओट्यावर बसले. भावजयीशी थेट बोलायचं नाही ही त्यांची रीत, त्यामुळे ती चार हातांवर भाकरी थापत असली तरी ते माझ्याकडेच बघून बोलायचे.

"तुझ्या बायकूला म्हनावं, काढून टाक. गावात काय सगळ्यांना बत्तीस हायेत व्हय? माझं चार गेलं, मी जेवत न्हाई का?"

बायको तव्याकडे बघून म्हणाली, "दादांना सांगा, दादांना पोरांपुढे 'फ' म्हणायचा नसतो."

"आन् सिमिट कुठलं आनतो त्यो डाक्टर? सिमिट तर परमिटावर हाय. आमाला हिरीचं काठ बांधाया मिळंना, आन् हिच्या दाताला मिळतंय."

"दादांना सांगा, माझ्या दाताचं परमिट निघालंय."

भाऊ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पर एक हाय. कुऱ्हाडीचा दांडा आखूड झाला की पातं निसटतंच. पाचर लई चांगली असली तरी बी. आता दांडा शिल्लक हाय तवरच काय ते करा." डॉक्टरांनी पाच मिनिटं घेऊन सांगितलेली गोष्ट भावानं एका वाक्यात सांगितली.

त्या संध्याकाळी मला खिशातला कागद आठवला. तो इंग्रजीत होता. मी सातवी पास, बायको मॅट्रिक आणि ट्रेनिंग झालेली. तिनं शाळेतला शब्दकोश आणला आणि मंगळवारी दुपारी आम्ही दोघं जमिनीवर कागद पसरून बसलो. ती एकेक ओळ वाचायची, मी वहीत मराठीत उतरवायचो. 'इन्क्रिमेंट' या शब्दाशी ती थांबली. तो मला माहीत होता. "पगारवाढ," मी म्हणालो.

"पुडीला पगारवाढ?"

शब्दकोशात दुसरा अर्थ निघाला, वाढीव भाग. म्हणजे पूड एकदम घालायची नाही, थोडी थोडी वाढवत घालायची. पूर्ण कालवणं दीड मिनिटाचं. आणि काच गार हवी, सत्तर अंश फॅरनहाइटच्या आसपास, पण तिच्यावर दव धरेल इतकी गार नको, कारण पाणी लागलं तरी सिमेंट बिघडतं. काच गरम असेल तर ते वेळेआधी आळतं, टोपी नीट बसत नाही आणि पकड कमी होते. हे सगळं छापलेलं होतं. खोक्यात, घडी घालून.

बायकोनं कागदाची घडी घातली. मला म्हणाली, "उद्या तुम्ही बोलायचं नाही. मी बोलणार."

मी लगेच कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रजिस्टरवर सही करून एक थर्मामीटर आणला. घरातल्या माठावर ओलं फडकं गुंडाळून त्याच्यावर आरशाची काच ठेवली, काचेवर थर्मामीटर ठेवून वर कोरडं फडकं टाकलं. अर्ध्या तासानं पारा चौऱ्याहत्तरावर होता. बाहेर सावलीत एकशे तीन. हे मोजमाप अगदी बिनचूक असेल असं नाही, दोनेक अंशांची चूक मी धरतो.

१८ एप्रिल, बुधवार. अकराला पाच कमी असताना आम्ही दवाखान्यात पोचलो. डबा उकळून नुकताच बंद केला होता आणि काच त्याच्या झाकणावर होती. दात उपटायचा चिमटा टेबलावर मांडून ठेवलेला होता. बायको सरळ जाऊन खुर्चीवर बसली. पदर खोचला. हात मांडीवर ठेवले.

"उघडा," डॉक्टर म्हणाले.

तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

"बाई, तोंड उघडा."

तिनं पर्समधून कागद काढला, उलगडून त्यांच्यापुढे धरला आणि आमचं भाषांतर वहीतून वाचायला लागली, वर्गात वाचतात तसं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. वाचून झाल्यावर म्हणाली, "दात काढायला मी आलेली नाही. टोपी बसवायला आले आहे. आधी ती काच गार करा, मग तोंड उघडते. नाहीतर संध्याकाळपर्यंत इथेच बसते. शाळेला रजा टाकली आहे."

"बाहेर दुसरे पेशंट आहेत!"

"त्यांनाही वाचून दाखवते."

बाहेर बाकावर तिघं होती. दार उघडं होतं. एकजण आत डोकावला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी ठरल्याप्रमाणे काही बोललो नाही. फक्त थर्मामीटर काचेवर ठेवला, वर फडकं टाकलं आणि दोन मिनिटांनी उचलून त्यांच्यापुढे धरला. एकशे बारा. त्यांनी तो घेतला, खिडकीकडे नेऊन बघितला, परत बघितला.

"ही काच डब्यावर का ठेवलीत?" त्यांनी कंपाउंडरांना विचारलं.

कंपाउंडर हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुमीच सांगितलं हुतं. मागल्या पावसाळ्यात. काचेला ओल धरती, डब्यावर वाळत घाला म्हनलात."

"पावसाळ्यात सांगितलं होतं!"

"व्हय. मग काढा म्हनून न्हाई सांगितलं."

गेल्या ऑगस्टातला हुकूम एप्रिलपर्यंत चालू होता, इतकंच झालं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मधे माझ्या बायकोचा दात मिलिमीटरनं कमी होत होता. मला जानेवारीही आठवला. थंडीतली सकाळ, आम्ही पहिले, डबा अजून पेटवलेला नव्हता. म्हणून एकाहत्तर. पूड तेव्हाही एकदम घातली असणार, नाहीतर होळीचं गालबोटसुद्धा लागलं नसतं. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, पाहिलेला नाही.

कंपाउंडरांनी न सांगता कोपऱ्यातल्या माठावर ओलं फडकं टाकलं आणि काच त्याच्यावर ठेवली. वीस मिनिटं थांबलो. त्या वीस मिनिटांत डॉक्टरांनी बाहेरच्या एका माणसाची दाढ काढली, खुर्ची मिळेना म्हणून बाकावर बसवूनच. बायको खुर्चीवरून हलली नाही. हलली तर परत बसू देणार नाहीत असं तिला वाटत होतं, आणि मला वाटतं ते बरोबर होतं.

पारा पंचाहत्तर. काच कोरडी पुसली. डॉक्टरांनी कालवायची पट्टी स्वतःच्या हातात घेतली. खुंट कोरडा केला, टोपी आतून बारीक अवजारानं खरबरीत केली. मग कंपाउंडरांना म्हणाले, "पूड तुम्ही लोटा, थोडी थोडी. मी कालवतो." मला म्हणाले, "घड्याळ बघा. बघायची हौस आहे ना?"

मी बघितलं. नव्वद सेकंद. पहिल्या चिमटीला ते दुधासारखं होतं, शेवटच्या चिमटीला पट्टी उचलली की तार धरायचं. टोपी खुंटावर ठेवली आणि या वेळी ती सहज वर सरकली. चारी कडांनी सिमेंट बाहेर आलं, सारखं, एकही बाजू रिकामी नाही. ११ तारखेला एकाच बाजूनं आलं होतं. डॉक्टरांनी बोट तसंच दाबून धरलं, बराच वेळ. नंतर कडेचं सिमेंट टोकरून काढलं. टोपीची खालची कड त्यांनी मागे घासली होती, त्यामुळे तो दात शेजाऱ्यापेक्षा किंचित आखूड दिसतो. तेवढी खूण राहिली.

"आज सोन्यासारखी बसली," ते म्हणाले. मग, बायकोकडे न बघता, "कागद ठेवून जा."

"नकल करून घ्या," ती म्हणाली. "कागद माझा आहे. रद्दीतला."

त्यांनी खरोखरच कंपाउंडरांना नकल करायला बसवलं. चिमटा उचलून कपाटात ठेवला. दहा रुपयांचं त्या दिवशी कोणीच बोललं नाही.

त्यानंतर तिनं सगळं खाल्लं. मिलोची भाकरी, शेंगदाणे, मे महिन्यात आंब्याची कोय चोखली. मी "जपून" म्हणालो की मुद्दाम मोठा घास घ्यायची. जून उजाडला, शाळा सुरू झाली. नव्या पहिलीच्या पोरांना त्या दाताची काहीच कथा माहीत नव्हती. तिनं पहिल्याच आठवड्यात त्यांना फणस शिकवला, मुळाक्षरं तिथपर्यंत पोचायच्या आधीच.

२९ जूनला, शुक्रवारी, बहात्तरावा दिवस होता. तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मी पैसे काढू लागलो तर म्हणाली, "दात माझा, पैसेही माझेच." तिनं दहा रुपयांची नोट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि तोंड उघडून दात दाखवला. त्यांनी आरसा आत घालून, वाकून पाहिला. बोटानं हलवून पाहिला.

"हे १८ तारखेचे," ते म्हणाले. "आणि ११ एप्रिलचे?"

"ते चार दिवस टिकलं," बायको म्हणाली. "एकाहत्तर दिवसांना दहा रुपये, तर चार दिवसांना छप्पन्न पैसे होतात. ह्यांनी काढून दिलंय. देऊ?"

मला वाटलं, आता हा माणूस हाकलून देणार. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"द्या," ते म्हणाले.

तिनं मोजून दिले. एक पन्नास पैशांची अधेली, पाच पैशाचं एक नाणं, एक पैशाचं एक. पावती मिळाली, ती माझ्याकडे आहे. हे लिहितो आहे तेव्हा टोपीला दोन वर्षं आणि वर तीन महिने झाले आहेत, खुंट परत खरवडावा लागलेला नाही. दात काढण्याचे आणि कवळीचे साठ रुपये कोणालाही दिलेले नाहीत. एप्रिलच्या दोन खेपांचे दिले ते एवढेच: दहा रुपये छप्पन्न पैसे, डॉक्टरांना, माझ्या बायकोनं, तिच्या पगारातून.